कोळसा, बँजो आणि कोलाहल

‘केंटकी’ हा अल्बम लावल्यावर पहिली काही मिनिटं ऐकणाऱ्याला शंका येते, की आपण भलतंच काहीतरी लावलं. ब्लॅक मेटल म्हणून कुणी हातात ठेवलेला अल्बम, आणि ऐकू येतो तो बँजो. अमेरिकेच्या ॲपलाचियन डोंगरांतल्या एखाद्या घराच्या ओसरीवर संध्याकाळी वाजावी, तशी मोकळी, नाचरी धून. ती संपते आणि दुसऱ्या गाण्यात आभाळ फाटतं. ड्रमचा मारा, गिटारींची भिंत, आणि त्या भिंतीमागून कुणीतरी जिवाच्या आकांताने ओरडतंय. पॅनॉप्टिकॉन या नावाने हे संगीत करणारा ऑस्टिन लन हा एकटा माणूस आहे. त्याला बँड म्हणायचं ते केवळ रिवाज म्हणून. बहुतेक वाद्यं तोच वाजवतो, ओरडतोही तोच. २०१२ साली आलेला हा अल्बम ‘ॲटमॉस्फेरिक ब्लॅक मेटल’ या अवजड नावाच्या शाखेत मोडतो. तिचे चाहते जगभर विखुरलेले असले तरी संख्येने थोडेच. पण मेटलचा एक सूरही न ऐकलेल्या वाचकापुढे हा अल्बम ठेवावासा वाटतो, कारण त्यात एका जुन्या प्रश्नाला हात घातला आहे. भूमीवर प्रेम करायचं म्हणजे नेमकं कशावर? डोंगर, झाडं, बर्फ यांवर, की तिथे राबणाऱ्या माणसांवर? ब्लॅक मेटलने बराच काळ माणसं वगळून भूमीवर प्रेम केलं आणि त्याची किंमतही मोजली. ‘केंटकी’ने त्या भूमीत माणसं आणून बसवली. माझं म्हणणं असं, की या एका बदलामुळे ओरडण्यालाही वेगळा अर्थ आला.

आधी या संगीताची रीत समजून घेऊ, कारण ‘हा तर नुसता गोंगाट’ ही पहिली तक्रार तिथेच उद्भवते. संतूरची आठवण ठेवली तर गोष्ट सोपी होईल. संतूरची तार कलमाने छेडली की सूर उमटतो आणि लगेच विरू लागतो. मग आलापातला लांबलचक सूर काढायचा कसा? कलम तारेवर इतकं झरझर फिरवायचं, की सुटे ठोके एकमेकांत मिसळून सूर सलग वाटावा. ब्लॅक मेटलचा गिटारवादक वेगळं काही करत नाही. तो एकच तार वर-खाली, सेकंदाला बारा-पंधरा वेळा छेडत राहतो; याला ट्रेमोलो पिकिंग म्हणतात. त्यावर चढतं डिस्टॉर्शन, म्हणजे ॲम्प्लिफायरला त्याच्या ताकदीपलीकडे रेटून आवाज फाटू देणं. आवाज असा फाटला की लहान-मोठ्या ठोक्यांतला फरक पुसला जातो, प्रत्येक ठोक्याची धार बोथट होते, आणि वरच्या सुरांची एक झिलई सगळीकडे पसरते. ड्रमवर ‘ब्लास्ट बीट’ चालू असतो, इतका दाट की कान ते ठोके मोजणं सोडून देतो. पत्र्यावरच्या पावसाचे थेंब आपण मोजत नाही तसं. आता या सगळ्या धावपळीखाली स्वरसंगती पाहिली तर ती अत्यंत सावकाश बदलते. एक रिफ, म्हणजे चार-पाच स्वरांचं वळण, मिनिटभर, कधी तीन-चार मिनिटं तेच. हात विजेसारखे चालताहेत आणि संगीत मात्र डोंगरावरच्या ढगासारखं सरकतंय. वेगातून स्तब्धता काढण्याची ही युक्ती म्हणजेच ‘ॲटमॉस्फेरिक’. ऐकणारा धून पकडायला जातो आणि हाती लागत नाही म्हणून चिडतो. ज्याला याची गोडी लागते तो त्या आवाजात जाऊन बसतो, जसं कुणी धुक्यात बसावं.

ही युक्ती घडली मुख्यतः नॉर्वेत, १९९० नंतरच्या चार-पाच वर्षांत. ब्लॅक मेटल हे नाव व्हेनम या इंग्लिश बँडच्या १९८२ मधल्या अल्बमचं. पण आज ज्याला हे नाव लागतं तो आवाज डार्कथ्रोन, मेहेम, बुर्झुम यांचा. त्या काळी ध्वनिमुद्रणाचं तंत्र चकचकीत होत चाललं होतं, आणि या विशीतल्या पोरांनी ठरवून उलटा रस्ता धरला. बुर्झुमचा ‘फिलोसोफेम’ १९९३ मध्ये मुद्रित झाला आणि १९९६ मध्ये बाहेर आला. त्यात गिटार नेहमीच्या ॲम्प्लिफायरऐवजी घरातल्या स्टिरिओमधून वाजवली, आणि गाण्यासाठी मिळेल तो सर्वांत वाईट मायक्रोफोन, डोक्याला लावायचा साधा हेडसेट, वापरला. आवाज लांबून, जुन्या रेडिओतून यावा तसा येतो. अंतर हेच त्याचं सौंदर्य. स्वच्छ मुद्रणात वादक आपल्या समोर बसलेला वाटतो. इथे वादक दिसेनासा होतो आणि उरतो तो परिसर. पुढे उल्वरने ‘बर्गटाट’ मध्ये लोकगीतांसारखं गाणं आणि जंगलातली पावलं मिसळली, ऑस्ट्रियाच्या समनिंगने टोल्किनच्या कादंबऱ्यांतला प्रदेश उभा केला, स्वित्झर्लंडच्या पेझाज दिवेर या एकट्या माणसाच्या बँडने अल्बममागून अल्बम फक्त हिवाळ्यावर काढले. इम्मॉर्टल या बँडला तर नॉर्वेची थंडी कमी पडली म्हणून की काय, त्यांनी ब्लाशिर्ख नावाचं बर्फाचं एक काल्पनिक राज्यच रचलं. विनोदी वाटतं, आणि थोडंसं आहेही.

या यादीकडे पाहिलं की एक गोष्ट खटकते. जंगल आहे, बर्फ आहे, कडे आहेत, घुबडं आहेत, माणूस नाही. असलाच तर एकटा, जगाला विटलेला, बहुधा पुराणकाळातला. शेत कुणी नांगरत नाही, लाकूड कुणी तोडत नाही, बर्फ कुणाच्या दारातून उपसावा लागत नाही. आणि इथेच दुसरा, जास्त गंभीर आक्षेप उभा राहतो. या संगीताचे हात रक्ताने माखलेले आहेत. जून १९९२ मध्ये बर्गनजवळचं फांतोफ्त हे शतकानुशतकांचं लाकडी चर्च जाळलं गेलं, त्यापाठोपाठ आणखी चर्चं जळाली. ऑगस्ट १९९३ मध्ये बुर्झुमच्या वार्ग विकर्नेसने मेहेमच्या ऊस्टाइन ओर्सेथचा भोसकून खून केला. १९९४ मध्ये त्याला एकवीस वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगात आणि नंतरही तो उघडपणे वंशवादी लिहीत, बोलत राहिला. मागाहून नाझी विचार मिरवणाऱ्या बँडांची एक उपशाखाच तयार झाली. चाहते यावर म्हणतात, कलावंत वेगळा आणि कला वेगळी. हे उत्तर आळशी आहे. रिकाम्या भूमीच्या प्रेमात एक धोका मुळातच असतो: भूमी पवित्र, आणि माणसं नाहीतच, मग तिच्यावर हक्क कुणाचा हे ठरवायला रक्त आणि वंश पुढे येतात. रिकाम्या जंगलात ‘आपल्या पूर्वजांना’ बसवणं फार सोपं. तिथे कुणी जिवंत शेजारी नसतो विरोध करायला. याचा अर्थ बर्फावर गाणारा प्रत्येक बँड वंशवादी असा मुळीच नाही. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या वुल्व्ज इन द थ्रोन रूम या बँडने हाच आवाज पर्यावरणाच्या काळजीकडे वळवला, ‘टू हंटर्स’सारखे सुंदर अल्बम दिले. पण त्यांच्याही अरण्यात माणसाला फारशी जागा नाही.

‘केंटकी’ची भूमी रिकामी नाही. अगदी पहिल्या बँजोच्या तुकड्याचं नावच पाहा: ‘बर्नहाइम फॉरेस्ट इन स्प्रिंग’. वसंतातलं जंगल म्हणजे पुन्हा तेच निसर्गचित्र असं वाटेल. पण हे जंगल लुइव्हिल शहराच्या दक्षिणेला आहे आणि त्याला इतिहास आहे. आयझॅक बर्नहाइम या जर्मनीतून आलेल्या व्हिस्की-कारखानदाराने १९२० च्या दशकाच्या अखेरीस ही जमीन कवडीमोलाने घेतली, कारण लोखंडाच्या खनिजासाठी ती आधीच ओरबाडून झाली होती. नंतर लोकांसाठी तिथे जंगल उभं केलं. म्हणजे अल्बम उघडतो तो माणसाने उजाड केलेल्या आणि माणसानेच पुन्हा वाढू दिलेल्या रानात. ब्लॅक मेटलच्या अस्पर्श अरण्याला पहिल्याच मिनिटात हा छेद आहे. मग गाडी वळते ती केंटकी राज्याच्या पूर्वेकडे, कोळशाच्या पट्ट्यात, हार्लन काउंटीत. तिथल्या खाणीत मालकच घर देई, मालकच दुकान चालवी, आणि मजुरी पुष्कळदा त्याच दुकानात चालणाऱ्या कंपनीच्या चिठ्ठ्यांत मिळे. फेब्रुवारी १९३१ मध्ये खाणमालकांच्या संघाने मजुरी दहा टक्क्यांनी कापली. युनियनकडे गेलेल्यांना कामावरून आणि घरातूनही काढलं. ५ मे रोजी एव्हार्ट्स गावाजवळ मालकांच्या बाजूचे डेप्युटी आणि खाणकामगार यांच्यात गोळीबार होऊन चार माणसं मेली. ‘ब्लडी हार्लन’ हे नाव तेव्हापासून चिकटलं. ‘ब्लॅक सूट अँड रेड ब्लड’, काळी काजळी आणि लाल रक्त, हे अल्बममधलं गाणं याच भूमीचं आहे, आणि त्यात गिटारींचा कल्लोळ थांबवून जुन्या खाणकामगारांच्या बोलण्याचे आवाज ऐकवले आहेत. डोंगरी बोलीतले, घोगरे, हिशोब सांगावा तसे सपाट.

त्या मोठ्या गाण्याच्या दोन्ही बाजूंना लनने दोन जुनी गाणी ठेवली आहेत, आणि अल्बमचा खरा कस तिथे लागतो. दोन्ही बायकांनी रचलेली. ‘कम ऑल यी कोल मायनर्स’ सारा ओगन गनिंगचं. ती १९१० मध्ये केंटकीतच जन्मली. खाणीतल्या नवऱ्याला तिने क्षयाने गमावलं, तान्हं मूल उपासमारीने. भांडवलशाहीचा मी द्वेष करते, असं थेट शीर्षकातच सांगणारं तिचं दुसरं एक गाणं आहे. पुढे काळ बदलल्यावर त्या शीर्षकात भांडवलशाहीच्या जागी कंपनीचे साहेब आले. दुसरं गाणं, ‘विच साइड आर यू ऑन?’, फ्लॉरेन्स रीसचं, आणि त्याची जन्मकथा अगदी घरातली आहे. नवरा सॅम रीस युनियनचं काम करी. १९३१ मध्ये शेरीफ जे. एच. ब्लेअरची माणसं त्याला पकडायला घरात घुसली. तो आधीच निसटला होता. त्यांनी घर उलटंपालटं केलं, बायकोला आणि मुलांना धाक घातला, आणि दबा धरून बसले. ते गेल्यावर रीसबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान फाडलं आणि त्यावर गाणं लिहून काढलं. चाल घेतली चर्चमधल्या एका ओळखीच्या भजनाची. कागद आणि चाल, दोन्ही घरात होतं तेच. ‘तुम्ही कोणत्या बाजूचे?’ हा त्यातला सवाल १९४१ मध्ये पीट सीगर आणि त्याच्या साथीदारांनी मुद्रित केला आणि पुढे तो जगभरच्या संपांत पोचला. लन या दोन्ही गाण्यांना मेटलचा शेंदूर फासत नाही. बँजो-गिटारवर, साध्या आवाजात, प्रत्येक शब्द कळेल असं गातो. ‘यातले शब्दच कळत नाहीत’ या तक्रारीला हे त्याचं उत्तर आहे. सांगायचं आहे ते लोकगीत सांगतं. ओरडण्यावर सांगण्याचं काम सोपवलेलंच नाही.

मग ओरडायचं कशाला, निव्वळ लोकगीतांचा अल्बम का नको, असं कुणी विचारेल. विचारायलाच हवं, कारण काही समीक्षकांना हा अल्बम दोन तुकडे डिंकाने चिकटवल्यासारखा वाटला आहे. याचं उत्तर सहाव्या गाण्यात आहे, ‘किलिंग द जायंट्स ॲज दे स्लीप’. झोपलेले राक्षस म्हणजे डोंगर. ॲपलाचियन डोंगर जगातल्या अतिप्राचीन रांगांपैकी. त्यांच्या पोटातला कोळसा काढायला पूर्वी माणसं आत जात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उलटी पद्धत आली, माउंटनटॉप रिमूव्हल. आधी रान तोडायचं, मग सुरुंग लावून डोंगराचा माथा उडवायचा, कधी शंभर-शंभर मीटर, आणि निघालेला दगडमातीचा ढीग शेजारच्या दरीत लोटायचा. दरीत असतात ते ओढ्यांचे उगम. अमेरिकन सरकारच्याच पर्यावरण अभ्यासात १९८५ ते २००१ या काळात अकराशे किलोमीटरहून जास्त लांबीचे ओढे असे बुजले, अशी नोंद आहे. आणि या पद्धतीला माणसंही थोडी लागतात. डोंगर गेला, त्याबरोबर कामही गेलं. आता लोकगीताचा साचा पाहा. त्याला एक माणूस लागतो, एक घर, एक शेरीफ, एक कॅलेंडर. डोंगर कसा गाणार? जे माणसाच्या मापाचं नाही, ज्याचा नाश एका दिवसात घडून परिणाम शतकं टिकतो, त्याला माणसाच्या गळ्याचं मोजमाप पुरत नाही. तिथे त्या आवाजाच्या भिंती उपयोगी पडतात. हात झपाट्याने, संगीत सावकाश, आणि मधे कुठेतरी माणसाचा आवाज जवळजवळ गाडला गेलेला. ब्लॅक मेटलमध्ये गायकाचा आवाज मागे ढकलण्याची प्रथा नॉर्वेत गूढतेसाठी पडली. इथे तीच प्रथा ढिगाऱ्याखालून आलेल्या हाकेसारखी ऐकू येते. जोडाजोडीचा आक्षेप मला अर्धाच मान्य आहे, तो यामुळे.

दुसरं असं, की बँजो आणि ही गिटार ऐकायला वाटतात तितकी परकी नाहीत. बँजोची तार ताणलेल्या कातड्यावरच्या घोडीवरून जाते. सूर टणकन उमटतो आणि तत्क्षणी मरतो. म्हणून ब्लूग्रास या अमेरिकन लोकसंगीतातला वादक तीन बोटं सतत फिरवत ठेवतो, स्वरांची साखळी तुटू देत नाही. अर्ल स्क्रग्जने १९४० च्या दशकात ही तीन बोटांची रीत लोकप्रिय केली. मरणाऱ्या सुराला वेगाने जिवंत ठेवायचं, ही गरज बँजोची. सलग वाहणारा सूर हवा, ही गरज ब्लॅक मेटलच्या गिटारची. आणि दोघांचं उत्तर एकच. लनला हे कानाने उमगलेलं दिसतं, कारण मेटलच्या गाण्यांत मधूनच बँजो किंवा बारीक बासरीसारखा सूर शिरतो तेव्हा तो परका वाटत नाही, त्याच जातीचा वाटतो. वंशशुद्धीच्या गप्पा मारणाऱ्या शाखेला एक चिमटाही यात आहे: बँजो हे अमेरिकेत गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकन लोकांचं वाद्य. डोंगरातल्या गोऱ्या शेतकऱ्यांनी ते त्यांच्याकडून घेतलं. ‘मातीतलं’ म्हणून मिरवावं असं वाद्यसुद्धा इथे समुद्रापलीकडून, साखळदंडांतून आलेलं आहे.

कौतुक करताना एक दोष झाकू नये. ‘बॉडीज अंडर द फॉल्स’ हे दुसरं गाणं संगीत म्हणून या अल्बममधलं बहुधा सर्वांत थरारक. पण ते उभं आहे केंटकीतल्या याहू धबधब्याजवळ १८१० मध्ये चेरोकी या मूळ अमेरिकन जमातीच्या बायकामुलांची कत्तल झाल्याच्या कथेवर. ही कथा त्या भागात सांगितली जाते. समकालीन कागदपत्रांत मात्र तिला आधार सापडत नाही आणि इतिहासकार ती घडलीच असं मानायला तयार नाहीत. चेरोकींवर झालेला अन्याय खरा, हद्दपारी खरी, त्याचे ढीगभर पुरावे आहेत. मग दंतकथेचा आधार का घ्यावा? हार्लनबद्दल जी बारकाईची निष्ठा अल्बम दाखवतो, ती इथे सुटते. योगायोग म्हणावा की नाही ठाऊक नाही, पण जिथे माणसांची नावं नाहीत तिथेच हा अल्बम जुन्या ब्लॅक मेटलच्या धूसर पुराणकथेकडे परत घसरतो. माझा मुद्दा त्यामुळे ढिला होत नाही, उलट घट्टच होतो: रीसबाईंसारखं कुणी समोर असलं की हे संगीत भानावर राहतं.

राहिला शेवटचा आक्षेप, आणि तो डाव्या बाजूकडून येतो. जुन्या संपांची गाणी, जुने आवाज, बँजो: हे सगळं पराभूतांचं संग्रहालय नव्हे का? कोळसा तसाही संपत चालला, युनियन मोडल्या, आणि आता शहरातला श्रोता हेडफोन लावून त्या दुःखाचा आस्वाद घेतो. यात तथ्य आहे. आस्वादाचा हा धोका कुठल्याही शोकगीताला असतो. पण सातवं गाणं, ‘ब्लॅक वॉटर्स’, ऐकताना कालक्रम ध्यानात ठेवावा. ते लिहिलं जीन रिचीने, केंटकीच्याच व्हायपर गावातल्या गायिकेने, खाणींनी काळ्या केलेल्या पाण्यावर. चौदा भावंडांतली धाकटी. आईला राजकारण नको म्हणून आणि पुरुषाच्या नावावर लोक जास्त ऐकतील म्हणून तिने खाणींवरची काही गाणी ‘थॅन हॉल’ या टोपणनावाने लिहिली. रीसबाईंचं गाणं १९३१ चं, हे १९६० च्या दशकातलं, लनचं स्वतःचं २०१२ चं. तीन पिढ्या, तीच काउंटी किंवा शेजारची. रीसबाई तर बार्बरा कॉपलच्या ‘हार्लन काउंटी, यूएसए’ या ऑस्कर मिळालेल्या माहितीपटात दिसतातही: १९७३ मध्ये ब्रुकसाइड खाणीचा संप सुरू झाला, तेव्हा चाळीस वर्षांमागचं आपलं गाणं नव्या संपकऱ्यांपुढे त्या म्हातारपणी, पिकलेल्या आवाजात गातात.

अल्बम आल्यानंतर सात वर्षांनी, १ जुलै २०१९ रोजी, ब्लॅकज्वेल ही कोळसा कंपनी दिवाळखोरीत गेली आणि कामगारांच्या पगाराचे धनादेश परत आले. महिनाअखेरीस हार्लन काउंटीतल्या कंबरलंड गावी काही खाणकामगार रेल्वेच्या रुळांवर जाऊन बसले. काढलेला कोळसा गाडीत भरून तयार होता. त्याचे पैसे कंपनीला मिळणार होते, तो खणणाऱ्यांना नाही. रुळांवर तंबू पडले, बायका-मुलं आली, जेवणं शिजली. सुमारे दोन महिने ते तिथे बसून होते.